चिनी मृत्पात्रे, नित्योपयोगी : संग्रह व मूल्यमापन
चीनमध्ये रोजच्या वापरासाठी व निर्यातीसाठी मोठ्या प्रमाणावर घडविलेले वाडगे, ताटल्या, पेले, बरण्या आणि रांजण यांचे संकलन. दरबारी भट्ट्यांतील पात्रांची सफाई यांत नसते. चित्रण घाईचे, झिलई असमान व तळाच्या कडेला वाळूचे कण चिकटलेले असतात. पात्रे एकात एक रचून भाजल्यामुळे पुष्कळ वाडग्यांच्या आतील तळाशी झिलईविरहित वर्तुळ राहते. ही लक्षणे दोष म्हणून नव्हे, तर उत्पादनपद्धतीच्या खुणा म्हणून पाहावयास हवीत.

परभणी जिल्हा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. त्या राज्याच्या राजधानीतील सालारजंग संग्रहालय (स्थापना १९५१) आणि मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातील टाटा बंधूंचे संग्रह चिनी पात्रांसाठी प्रसिद्ध आहेत. मात्र त्यांमागील दृष्टी धनिक रसिकाची आहे. दख्खनमध्ये ‘घोरी’ नावाच्या फिकट हिरव्या पात्रांचा मान मोठा होता. विषारी अन्न वाढल्यास ती तडकतात, अशी समजूत होती. याउलट दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांनी दिवे, अडकित्ते व स्वयंपाकाची भांडी जमवून पुण्याच्या संग्रहालयात सामान्य वस्तूला स्थान दिले. चिनी वाडग्यालाही हाच न्याय लावणे आवश्यक आहे.

अशा संग्रहाचे खरे मोल प्राप्तिस्थानाच्या नोंदीत असते. चौलच्या उत्खननात मिळालेले चिनी खापर कोकणच्या सागरी व्यापाराची साक्ष देते. स्थान हरवलेला अखंड वाडगा तशी साक्ष देऊ शकत नाही. १८२२ मध्ये बुडालेल्या ‘टेक सिंग’ जहाजातून १९९९ मध्ये साडेतीन लाखांवर पात्रे वर काढण्यात आली. लिलावाने ती विखुरली आणि एका मालवाहतुकीचा एकत्रित पुरावा नाहीसा झाला.

नाव व मुद्रा यांवर विसंबणे हा संग्राहकाचा दुसरा प्रमाद होय. ‘चिनी माती’ हे द्रव्याचे नाव आहे, देशाचे नव्हे. परभणीकडील जुन्या वाड्यातील लोणच्याची बरणी भारतीय कारखान्यातलीही असू शकते. तळावरील राजवटीची मुद्राही निर्णायक नसते. खांग-शी काळातील (१६६२–१७२२) पात्रांवर पंधराव्या शतकातील छंग-ह्वा राजवटीचे नाव आढळते.

म्हणून वस्तू कोणत्या गावात मिळाली, तीत काय साठवीत असत आणि ती घरात कशी आली, हे मिळताक्षणी लिहून ठेवणे हे संग्राहकाचे पहिले कर्तव्य ठरते. नोंदीवाचून उरते ती केवळ मालमत्ता.