खाटांपलीकडचे रुग्णालय

ठाण्याच्या विठ्ठल सायन्ना सामान्य रुग्णालयाच्या जागी नवे रुग्णालय उभारण्याच्या चर्चेत सर्वांच्या तोंडी आकडा होता तो 900 खाटांचा. कल्याणचे रुक्मिणीबाई किंवा डोंबिवलीचे शास्त्रीनगर रुग्णालय घ्या, तिथेही आपण खाटा, डॉक्टर आणि यंत्रे मोजतो. इमारत आपत्तीत चालू राहील का, हे कोणी विचारत नाही. माझा आक्षेप नेमका इथे आहे.

भारतीय मानक 1893 च्या 2016 च्या आवृत्तीत आपला पट्टा भूकंपाच्या तिसऱ्या विभागात आहे. साध्या घराचा महत्त्वगुणांक 1, रुग्णालयाचा 1.5. म्हणजे बाकी सारे सारखे असेल, तर रुग्णालयाचा सांगाडा दीडपट आडव्या बलासाठी आखायचा. घराला तडे गेले तरी माणसे सुखरूप बाहेर पडली की पुरे. रुग्णालयात मात्र त्याच वेळी जखमी आत येणार असतात.

आता आपल्या गल्ल्या पाहा. राहत्या इमारतींचे एक-दोन मजले घेऊन कितीतरी छोटी रुग्णालये चालतात. पाटी बदलली म्हणून खांबांतली सळई वाढत नाही. खाली मोकळे वाहनतळ असेल, तर तोच मजला सर्वांत लवचीक. 2001 च्या भूकंपात अहमदाबादेत अशा अनेक इमारती कोसळल्या.

पण भक्कम सांगाडाही पुरत नाही. कॅलिफोर्नियातले ऑलिव्ह व्ह्यू रुग्णालय नवे कोरे असताना 1971 च्या भूकंपात मोडले. पुन्हा बांधलेली इमारत 1994 च्या धक्क्यात ठामपणे उभी राहिली. मात्र पाण्याच्या नळ्या फुटल्या आणि रुग्णांना हलवावे लागले. मानक खांबांपाशी थांबले नाही, तरी आपले लक्ष तिथेच थांबते. प्राणवायूच्या नळ्या, छताखालचे पाइप, जनित्र यांना कोण कसे बांधून ठेवतो?

आपल्याकडे पाण्याचा धोका तर अनुभवाचा आहे. 26 जुलै 2005 ला उल्हास नदीकाठ बुडाला. तरीही विजेचे पॅनेल आणि जनित्र तळघरात ठेवण्याची सवय सुटत नाही. तळघरात पाणी शिरले, की वरच्या मजल्यावरचा अतिदक्षता विभाग अंधारात जातो.

मी अभियंता नाही, मानके वाचत शिकलेला माणूस आहे. म्हणून मागणीही साधीच आहे. कोनशिलेवर पाहुण्यांच्या नावांखाली तीन ओळी कोराव्यात: इमारत कोणत्या गुणांकाने आखली, जनित्र कोणत्या मजल्यावर आहे, आणि लिफ्ट बंद पडल्यास स्ट्रेचर कुठून उतरणार.