भुईमुगाच्या रानटी जातींचे ऋण : एका शोधनिबंधाची समीक्षा

प्रस्तावना :
टिक्का आणि तांबेरा या पानांवरील रोगांमुळे भुईमुगाच्या शेंगांचे व चाऱ्याचेही नुकसान होते. लागवडीखालील वाणांत या रोगांविरुद्धची प्रतिकारशक्ती तोकडी असून रानटी जातींत ती विपुल आहे. डेव्हिड बर्टिओली व सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेला शोधनिबंध ‘अ‍ॅरॅकिस कार्डेनासी’ या बोलिव्हियातील रानटी जातीच्या एकाच नमुन्याचे जागतिक योगदान उलगडतो. विदर्भातील अभ्यासकांनी या निबंधाची दखल घेणे अगत्याचे आहे.

विवेचन :
लागवडीच्या भुईमुगात ४० गुणसूत्रे असतात, तर या रानटी जातीत २०. त्यामुळे त्यांच्या संकरातून वांझ रोप निपजते. गुणसूत्रे दुप्पट करून हा अडसर दूर करावा लागतो आणि पुढील पिढ्यांत निवड करीत पुन्हा ४० गुणसूत्रांपर्यंत यावे लागते. १९६० च्या दशकात सुरू झालेल्या अशा संकरांतील वाण देवाणघेवाणीतून आफ्रिका, आशिया, ओशनिया व अमेरिका खंडांत पोहोचले. वंशावळीच्या विस्कळीत नोंदी आणि जनुकीय विश्लेषण यांची सांगड घालून हे सिद्ध करणे, हे निबंधाचे मोठे यश होय.

या धाग्याचे एक टोक महाराष्ट्रात आहे. जळगावचे ‘जेएल २४’ आणि ट्रॉम्बे व अकोला येथील संशोधनातून आलेले ‘टीएजी २४’ हे वाण लोकप्रिय असले तरी या रोगांना बळी पडणारे होते. धारवाडच्या ‘जीपीबीडी ४’ मध्ये कार्डेनासीकडून आलेला प्रतिकारगुण होता. इक्रिसॅटच्या संशोधकांनी जनुकीय खुणांच्या साहाय्याने तांबेऱ्याविरुद्धचा हा गुण वरील दोन्ही वाणांत उतरविल्याचे २०१४ मध्ये प्रसिद्ध केले.

मर्यादा :
जैवविविधता करारानंतर राष्ट्रोराष्ट्रीच्या निर्बंधांमुळे बियाण्यांची देवाणघेवाण आटली, अशी खंत निबंधकार व्यक्त करतात. ती रास्त आहे. २००१ च्या आंतरराष्ट्रीय वनस्पती जनुकसंपदा कराराच्या मूळ पीकसूचीत भुईमुगाचा समावेशच नव्हता. तथापि मुक्त देवाणघेवाणीचे लाभ मोजताना, ज्या भूमीतून नमुना आला तिच्या वाट्याला काय आले, हा प्रश्नही तितक्याच ठामपणे विचारला जायला हवा. निर्बंध केवळ संकुचित वृत्तीतून नव्हे, तर या अनुत्तरित प्रश्नातूनही आले आहेत.

दुसरा मुद्दा अधिक गंभीर आहे. पिकाचा जनुकीय पाया अरुंद असणे धोक्याचे, हे निबंधाचे गृहीतक आहे. परंतु जगभरचे प्रतिकारक्षम वाण एकाच रानटी नमुन्यावर विसंबले, तर तोच धोका नव्या रूपात उभा राहतो. बुरशीने हा प्रतिकार भेदल्यास त्याची झळ अनेक देशांना एकाच वेळी बसेल.

समारोप :
म्हणून या निबंधाचे खरे फलित एका नमुन्याच्या गौरवात नाही. इतर रानटी जातींचे संकलन, जतन आणि न्याय्य वाटप यांची निकड त्यातून अधोरेखित होते. कोरडवाहू शेतकऱ्याचा फवारणीवरील खर्च वाचवायचा असेल, तर विद्यापीठांनी या दीर्घ मुदतीच्या कामाला आधार दिला पाहिजे.