तुलना कोणाची कोणाशी? जुन्या मोटारीचे नवे स्टिअरिंग

अमेरिकेत १९६४ पासून सुमारे दहा वर्षे मोठ्या इंजिनाच्या, दोन दारांच्या, तरुणांना परवडतील अशा वेगवान मोटारींची लाट आली होती. त्यांना तिकडे ‘मसल कार’ म्हणतात. पाँटिअ‍ॅक जीटीओ आणि मोठे इंजिन बसवलेल्या फोर्ड मस्टँग व शेव्हरले कॅमेरो ही त्यांतील प्रसिद्ध नावे. या गाड्या जपून वापरणारे शौकीन आजही आहेत. त्यांच्यात एक फेरफार बराच लोकप्रिय आहे. मूळचे ‘रिसर्क्युलेटिंग बॉल’ पद्धतीचे स्टिअरिंग काढायचे आणि तेथे तेलाच्या दाबाची मदत न घेणारे, केवळ हाताच्या जोरावर चालणारे ‘रॅक अँड पिनियन’ बसवायचे. यामुळे स्टिअरिंग अचूक, चपळ आणि हलके होते, असे तीन दावे केले जातात. ते तपासायला दहावीपर्यंतचे यंत्रशास्त्र पुरते, म्हणून हा विषय येथे घेतला आहे.

आधी दोन्ही यंत्रणा समजून घेऊ. रॅक अँड पिनियनमध्ये स्टिअरिंगच्या दांड्याच्या टोकाशी एक लहान दंतचक्र असते. ते एका आडव्या दातेरी पट्टीत अडकलेले असते. दंतचक्र फिरले की पट्टी डावीकडे किंवा उजवीकडे सरकते आणि तिच्या दोन टोकांचे टाय रॉड चाके वळवतात. जुन्या पद्धतीत दांड्याच्या टोकाला स्क्रूसारखे आटे असतात व त्यांवर एक नट असतो. आटे आणि नट यांच्यामधील खाचेत पोलादी गोळ्या लोळतात व नळीतून पुन्हा मूळ जागी येतात. सायकलच्या चाकात छर्रे असतात ते ज्या कारणासाठी, त्याच कारणासाठी येथेही गोळ्या असतात: घसरण्यापेक्षा लोळण्यात घर्षण कमी. नट सरकला की त्याच्या दात्यांमुळे पिटमन आर्म हलतो, तो मधला दांडा ओढतो आणि मग टाय रॉड हलतात. मधल्या दांड्याचे दुसरे टोक आयडलर आर्मने तोललेले असते.

आता पहिला दावा, अचूकपणाचा. प्रत्येक सांध्यात थोडा प्ले असतो आणि सगळ्या सांध्यांतील प्ले मिळून हातापर्यंत पोचतो. रॅकमध्ये सांधे कमी, म्हणून दाव्यात तथ्य आहे. पण तुलना कशाची होते पाहा. एका बाजूला पन्नास-साठ वर्षे झिजलेला बॉक्स आणि सैल झालेले सांधे. दुसऱ्या बाजूला कोरा रॅक. शिवाय या कामाबरोबर टाय रॉडची टोके नवी येतात, चाकांचे अलाइनमेंट नव्याने होते, पुष्कळदा टायरही बदलतात. एका कुंडीला खत घालून ती उन्हात ठेवली, दुसरी खताविना सावलीत ठेवली आणि फरकाचे सारे श्रेय खताला दिले, तर आपण विद्यार्थ्याला काय सांगू? येथेही तेच सांगायला हवे. त्याच गाडीचा बॉक्स खोलून दुरुस्त करावा, सांधे नवे घालावेत, टायर व अलाइनमेंट तेच ठेवावे आणि मग रॅकशी तुलना करावी. तरीही उरेल तो फरक रॅकचा.

दुसरा आणि तिसरा दावा एकत्रच तपासावे लागतात, कारण ते एकमेकांना छेद देतात. उदाहरणादाखल धरू की चाके एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वळवायला टाय रॉड १५ सेंटिमीटर सरकावा लागतो. स्टिअरिंगची त्रिज्या २० सेंटिमीटर, म्हणजे एका फेऱ्यात हात सुमारे १२६ सेंटिमीटर फिरतो. जुन्या यंत्रणेत पाच फेरे लागत असतील तर हाताचा प्रवास ६३० सेंटिमीटर. घर्षण सोडले तर बल ४२ पट होते. नव्या रॅकला साडेतीन फेरे पुरत असतील तर प्रवास ४४१ सेंटिमीटर आणि बल सुमारे २९ पट. म्हणजे स्टिअरिंग चपळ झाले, पण हाताला जवळजवळ दीडपट जोर लावावा लागणार. यंत्र कार्य निर्माण करत नाही. अंतर वाचवले की बल वाढते. घर्षण कमी झाल्याने थोडी भरपाई होईल, इतकेच.

“मारुती ८०० ला तर साधेच रॅक अँड पिनियन होते आणि ते किती हलके!” असा प्रश्न वर्गात येईल. त्या मोटारीचे रिकामे वजन सुमारे ६५० किलो. मोठ्या इंजिनाची मस्टँग दीड टनाच्या घरातली आणि त्यातील निम्म्याहून अधिक भार पुढच्या चाकांवर. म्हणजे तिच्या केवळ पुढच्या चाकांवर अख्ख्या मारुतीपेक्षा जास्त वजन! त्यात शौकीन रुंद टायर घालतात. उभी गाडी वळवताना फरक लगेच कळतो.

चौथी गोष्ट दाव्यांत सहसा नसते आणि तीच जिवाशी निगडित आहे. खड्ड्यात चाक वर-खाली होते तेव्हा सस्पेन्शनचा आर्म आणि टाय रॉड आपापल्या कमानीत फिरतात. या कमानी जुळल्या नाहीत तर स्टिअरिंग स्थिर असूनही चाक आपोआप थोडे वळते. समजा दोन्ही आडवे व एका पातळीत आहेत, आर्म ४० आणि टाय रॉड ३० सेंटिमीटर लांब आहे. चाक ५ सेंटिमीटर उचलले तर आर्मचे टोक सुमारे ३.१ मिलिमीटर आत येते, टाय रॉडचे सुमारे ४.२ मिलिमीटर. फरक एका मिलिमीटरचा; पण चाकाजवळचा स्टिअरिंग आर्म १५ सेंटिमीटरचा असेल तर चाक ०.४ अंशाने वळते. अलाइनमेंट करताना मेकॅनिक याच मापाची काळजी घेतो. पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या आणि टाचण्या घेऊन हा प्रयोग वर्गात करता येतो. म्हणूनच दुसऱ्या गाडीचा रॅक, इंजिनाचा चेंबर आड येतो म्हणून मिळेल त्या जागी बसवणे धोक्याचे आहे. त्याचा सरकण्याचा पल्ला मूळ यंत्रणेपेक्षा कमी असेल तर चाके कमी वळतील आणि गाडीला वळायला जास्त जागा लागेल.

रॅक आधुनिक आणि बॉक्स कालबाह्य, ही मांडणीही टिकत नाही. १९४८ च्या मॉरिस मायनरला रॅक अँड पिनियन होते, आणि धक्के सोसणारा गोळ्यांचा बॉक्स अवजड ट्रकमध्ये आजही दिसतो. फोर्डने १९७४ च्या मस्टँग दोनला रॅक दिला, तेव्हा पुढचे सस्पेन्शनही त्याच्याशी जुळवून आखले होते. फायदा त्या जुळणीत आहे.

तेव्हा हा फेरफार निरर्थक नाही. शर्यतीच्या वळणदार मार्गावर, हलके इंजिन, नीट मोजलेली भूमिती आणि जास्त जोर लावायची तयारी असेल तर तो योग्य ठरतो. रोजच्या वापरासाठी आधी जुना बॉक्स दुरुस्त करून पाहणे स्वस्तही आहे आणि शास्त्रशुद्धही. विद्यार्थ्यांना या निमित्ताने एक सवय लावता येईल: ‘नवे चांगले’ असे कोणी म्हटले की दोन प्रश्न विचारावेत. तुलना कोणाशी केली, आणि त्याबरोबर आणखी काय काय बदलले?