‘जसेच्या तसे’ : बोली, कल्पना आणि ‘धग’

उद्धव शेळके यांच्या ‘धग’ (१९६०) या कादंबरीविषयी लिहिताना ‘जसेच्या तसे’ हा शब्दप्रयोग आपल्या समीक्षेत इतक्या सहजपणे येतो, की त्याचा अर्थ एकदा तपासून पाहावा असे फारसे कोणास वाटत नाही. कौतिकचे दारिद्र्य जसेच्या तसे, महादेवाचे दुबळेपण जसेच्या तसे, आणि वऱ्हाडी बोली तर अगदी जशीच्या तशी! बोली हा जणू वास्तवाचा दाखला. तो जोडला की कादंबरीकाराच्या कल्पनेला काही काम उरले नाही. हे मत मला मान्य नाही. मात्र एके काळी ते माझेही होते, आणि ते सोडावे लागले ते साहित्यविचारामुळे नव्हे, तर भाषाविज्ञानाच्या कामामुळे.

शेळके जन्माने हिंगणघाटचे, म्हणजे आमच्या वर्धा जिल्ह्याचे. माझे बालपणही त्याच तालुक्यात गेले. घरी ‘मला’ऐवजी ‘मले’, ‘डोळा’ऐवजी ‘डोया’, ‘करतो आहे’ऐवजी ‘करून रायलो’ असे बोलले जाई. परंतु यांपैकी काहीच मला ऐकू येत नव्हते. आई काय बोलते ते कळे. ती कसे बोलते, हे कधी लक्षातच आले नव्हते. पुढे महाविद्यालयात ‘धग’ वाचली, तेव्हा आमचे ‘मले’ प्रथमच कानावर आदळले, आणि सुट्टीत घरी गेल्यावर आईचे बोलणे मी चोरासारखा ऐकत बसलो. वास्तव आधी आणि त्याचे चित्रण मागाहून, हा सर्वमान्य क्रम निदान माझ्या बाबतीत उलटा झाला होता.

याचा परिणाम मात्र विपरीत झाला. प्रबंधाची तयारी करताना मी कादंबरीतील संवादांतून बोलीचे नमुने टिपून ठेवले. जिवंत बोली ती हीच, अशी माझी खात्री होती. मग गावोगाव ध्वनिमुद्रणे घेतली आणि ती शब्दशः उतरवू लागलो, तेव्हा फजिती झाली. प्रत्यक्ष बोलण्यात वाक्य अर्ध्यावर सुटते, एकच शब्द चारदा येतो, कर्ता हरवतो, मध्येच कोणी बैलाला हाकारतो. असली दोन पाने कादंबरीत कोणी वाचणार नाही. शेळक्यांच्या संवादांतील रूपे बोलीतीलच आहेत. परंतु काय उच्चारावे, काय गिळावे आणि कोठे थांबावे, ही निवड लेखकाची आहे. ते सारे नमुने मी प्रबंधातून काढून टाकले.

पण खरे कोडे पुढेच आहे. ध्वनिमुद्रण ऐकवले की तीच माणसे संकोचून म्हणत, “आमी असं नाई बोलत.” आणि कादंबरीतील उतारा वाचून दाखवला की म्हणत, “हे आपलंच हाये.” यंत्राने टिपलेले त्यांनी नाकारले आणि कल्पनेने घडविलेले ओळखले.

दिङ्नागाने प्रत्यक्षाचे लक्षण कल्पनारहित ज्ञान असे केले आहे. त्याच्या परिभाषेत कल्पना म्हणजे वस्तूला नाम, जाती इत्यादींची योजना करणे. उलट, शब्दाने विद्ध नसलेले ज्ञान लोकव्यवहारात संभवतच नाही, अशी भर्तृहरीची भूमिका. भाषेच्या अभ्यासकाचा ओढा साहजिकच भर्तृहरीकडे असावयाचा. तरीही दिङ्नागाची व्याख्या मला त्या ध्वनिमुद्रणाने नीट समजली. कल्पनारहित ग्रहण काय ते त्या यंत्राचे. आणि म्हणूनच त्यात कोणाला स्वतःची ओळख पटली नाही. ‘हे आपलेच’ असे म्हणण्यासाठी निवड लागते, नाम लागते, म्हणजेच कल्पना लागते. मराठीत हा शब्द ‘नुसती कल्पना’ असा घसरून खोटेपणाच्या शेजारी जाऊन बसला, हे आपल्या समीक्षेचे दुर्दैवच म्हणावयाचे.

परिचिताला अपरिचित करणे हे कलेचे कार्य, असे श्क्लोव्स्कीने १९१७ साली मांडले. माझ्या अनुभवाशी ते जुळते. पण पुण्याच्या वाचकाशी जुळत नाही. त्याला ‘मले’ मुळातच अपरिचित. त्याच्यासाठी तीच कादंबरी उलट काम करते. परक्या बोलीतून कौतिकची चिकाटी त्याच्या घरातली करते. निवेदन मुख्यतः प्रमाण मराठीच्या वळणाने चालत असल्यामुळे हा उंबरठा त्याला ओलांडता येतो. दोन वाचक, दोन विरुद्ध दिशांचे व्यापार, आणि ग्रंथ एकच. ‘जसेच्या तसे’ म्हणणाऱ्यास यांपैकी एकाचाही उलगडा करता येत नाही. शिवाय ही बोली ज्यांनी कधी ऐकलेली नाही, तेच ती जशीच्या तशी असल्याची ग्वाही अधिक आत्मविश्वासाने देतात, असे माझे निरीक्षण आहे.

बोलीचे नमुने कादंबऱ्यांतून वेचलेले लघुप्रबंध आजही माझ्याकडे तपासावयास येतात. अशा विद्यार्थ्याला मी प्रथम ध्वनिमुद्रक घेऊन त्याच्याच घरी पाठवितो. बहुतेक जण परत येऊन सांगतात, की आई यंत्रासमोर नीट बोललीच नाही.