साखा भाषेच्या वर्णमालांचा इतिहास : एक चिकित्सा

बीजसंज्ञा : साखा, लिपी, वर्णमाला, स्वनव्यवस्था, भाषाधोरण

प्रस्तावना

ईशान्य सायबेरियातील साखा ही तुर्की भाषाकुलातील भाषा होय. रशियन लोकांनी रूढ केलेल्या 'याकूत' या नावानेही ती ओळखली जाते. २०१० च्या जनगणनेनुसार रशियात ही भाषा जाणणाऱ्यांची संख्या सुमारे साडेचार लाख होती. एवढ्या लहान भाषकसमूहाने दीड शतकाहून कमी काळात अनेक वर्णमाला अनुभवल्या. या बदलांची मांडणी बहुधा 'सदोष लिपीकडून शास्त्रीय लिपीकडे झालेली वाटचाल' अशी केली जाते. ती मांडणी तथ्यांच्या कसोटीवर कितपत टिकते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

स्वनव्यवस्था आणि आरंभीचे प्रयत्न

साखा भाषेत आठ ऱ्हस्व स्वर, आठ दीर्घ स्वर आणि चार संयुक्त स्वर आहेत. स्वरांचे ऱ्हस्वदीर्घत्व अर्थभेदक आहे. 'अत्' म्हणजे घोडा, तर 'आत्' म्हणजे नाव. ऱ्हस्वदीर्घ वेगळे न दाखविणारी वर्णमाला या भाषेस अपुरी पडणार, हे उघड आहे.

१८१९ मध्ये इर्कुत्स्क येथे ख्रिस्ती धर्मशिक्षणाची साखा पुस्तिका सिरिलिक लिपीत छापली गेली. पुढे दिमित्रियान खित्रोव यांनी १८५८ मध्ये साखाचे संक्षिप्त व्याकरण प्रसिद्ध केले. त्यांची वर्णमाला रशियन वळणाची होती आणि तिचे प्रयोजन मुख्यतः धर्मप्रसाराचे होते.

याच सुमारास दुसरी परंपराही उभी राहिली. ओटो ब्योटलिंक यांचा साखा भाषेवरील जर्मन ग्रंथ १८५१ मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे प्रकाशित झाला. पाणिनीच्या अष्टाध्यायीचे संपादक आणि रूडॉल्फ रोट यांच्यासह सिद्ध केलेल्या बृहत् संस्कृत कोशाचे कर्ते म्हणून ब्योटलिंक भारतीय अभ्यासकांना परिचित आहेत. स्वतः याकूत प्रदेशात न जाता, बालपणापासून साखा बोलणाऱ्या अफानासी उवारोव्स्की यांच्या साहाय्याने त्यांनी या भाषेचे सूक्ष्म विश्लेषण केले. सिरिलिकवर आधारित त्यांच्या वर्णमालेचा वापर पुढे एदुआर्द पेकार्स्की यांच्या साखा कोशात झाला. अर्थात, एक वर्णमाला प्रचारकांची आणि दुसरी पंडितांची होती. दोन्हींच्या निर्मितीचा पुढाकार भाषकसमाजाबाहेरचा होता.

नोवगोरोदोव यांची वर्णमाला

सेम्योन नोवगोरोदोव (१८९२-१९२४) या साखा भाषाभ्यासकाने ही स्थिती बदलली. आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीच्या आधारे त्यांनी रचलेली वर्णमाला १९१७ च्या बालबोध पुस्तकातून पुढे आली आणि १९२० च्या दशकात शिक्षण व मुद्रण यांत रुजली. संयुक्त स्वरांना तीत स्वतंत्र चिन्हे होती. मोठी अक्षरे मात्र नव्हती आणि आरंभी विरामचिन्हेही नव्हती. उच्चारनिष्ठेचा हा आग्रह वाचनसुलभतेच्या दृष्टीने अडचणीचा होता, हा आक्षेप ग्राह्य मानावा लागतो. परंतु ही वर्णमाला मागे पडली ती केवळ या उणिवांमुळे नव्हे. १९२६ च्या बाकू येथील तुर्कविद्या परिषदेनंतर सोव्हिएत तुर्की भाषांसाठी एकीकृत लॅटिन वर्णमालेचे धोरण बळावले आणि १९२९-३० च्या सुमारास साखा भाषेनेही ती स्वीकारली. दशकही पुरते लोटले नाही तोच, १९३९ मध्ये, सिरिलिक लिपी आली.

बदलांची किंमत

१९१७ ते १९३९ या बावीस वर्षांत एकाच पिढीला तीन वर्णमालांना सामोरे जावे लागले. प्रत्येक बदलाबरोबर आधीचे मुद्रित साहित्य नव्या वाचकापासून दुरावले. प्लातोन ओयून्स्की यांनी शब्दबद्ध केलेले 'न्युर्गुन बोतूर' हे ओलोन्खो महाकाव्य १९३०-३२ या काळात, म्हणजे लॅटिन वर्णमालेच्या कालखंडात, प्रसिद्ध झाले. १९३८ मध्ये ओयून्स्कींना अटक झाली व पुढील वर्षी कैदेत त्यांचा मृत्यू झाला. ज्या वर्षी लिपी बदलली त्याच वर्षी तिचा एक थोर लेखक नाहीसा व्हावा, यातून त्या काळाचे स्वरूप कळते.

आजच्या सिरिलिक वर्णमालेत ४० वर्ण आहेत. दीर्घ स्वर अक्षराच्या द्विरुक्तीने दाखविले जातात आणि साखा ध्वनींसाठी जादा अक्षरे योजलेली आहेत. स्वनदृष्ट्या ही व्यवस्था समर्थ आहे. तिची उणीव अन्यत्र आहे. रशियन 'श्कोला' (शाळा) हा शब्द साखाने पूर्वी 'ओस्कुओला' असा आपल्या उच्चारात सामावून घेतला होता. १९३९ नंतर नवे रशियन शब्द मात्र मूळ वर्णलेखनासह लिहिण्याकडे कल राहिला. त्यामुळे वर्णमालेत काही अक्षरे केवळ रशियन शब्दांसाठी राहिली. परकीय शब्द पचविण्याची भाषेची स्वाभाविक प्रक्रिया लेखनापुरती तरी खंडित झाली.

समारोप

१९९२ मध्ये साखा भाषेला रशियनसोबत प्रजासत्ताकाच्या राजभाषेचा दर्जा मिळाला. तथापि, २००२ च्या संघराज्यीय कायद्याने प्रजासत्ताकांच्या राजभाषांसाठी सिरिलिक आधार बंधनकारक केला. वेगळ्या लिपीसाठी संघराज्याचाच कायदा आवश्यक ठरला. अशा स्थितीत लिपीची निवड ही केवळ भाषावैज्ञानिक बाब राहत नाही. दुसरीकडे, सिरिलिकने दिलेले आठ दशकांहून अधिक काळाचे सातत्य नाकारता येत नाही. पुन्हा लिपीबदल झाल्यास याच काळातील साहित्य दुरावेल.

नोवगोरोदोव यांचा जन्मदिवस, १३ फेब्रुवारी, हा साखा भाषा व लेखन दिन म्हणून पाळला जातो. त्यांची वर्णमाला वापरातून गेलेली असतानाही हा मान टिकून आहे. त्यांची काही चिन्हे २०१५ मध्ये युनिकोडमध्ये समाविष्ट झाल्याने जुने मुद्रित साहित्य मूळ रूपात संगणकावर उतरविण्याचा मार्ग सुकर झाला आहे. सारांश, वर्णमालेची योग्यता ठरविताना तिची ध्वनिनिष्ठा जेवढी महत्त्वाची, तेवढेच दोन प्रश्नही महत्त्वाचे ठरतात : तिचा निर्णय कोणी घेतला आणि तिने मागील पिढीचे लेखन पुढील पिढीच्या हाती सुखरूप दिले काय? साखा वर्णमालांचा इतिहास या दोन प्रश्नांवाचून अपुरा राहतो.