गोदाकाठच्या वारसास्थळांचे लेखन : एक टिपण

नाशिक परिसराच्या सांस्कृतिक वारशाविषयीचे बरेचसे लेखन शिल्पवर्णन व आख्यायिका यांपुढे जात नाही, ही त्याची मोठी मर्यादा होय. पांडवलेण्यांतील १० क्रमांकाच्या लेण्याचेच पाहावे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे २००० कार्षापण दरमहा शेकडा एक, तर दुसरीकडे १००० कार्षापण पाऊण टक्के व्याजाने ठेवल्याचे तेथील शिलालेख सांगतो. पहिल्या ठेवीच्या व्याजातून वीस भिक्षूंच्या चीवरांची सोय व्हावयाची होती. मुद्दल (हे विशेष) कधीच परत मागावयाचे नव्हते. राजकुळाने विणकरांवर टाकलेला हा विश्वास स्तंभशीर्षांच्या वर्णनात हरवून जातो.

काळाराम मंदिराच्या बाबतीत ही उणीव अधिक खटकते. काळ्या पाषाणाची स्तुती पानभर, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली २ मार्च १९३० रोजी तेथे सुरू झालेला मंदिरप्रवेश सत्याग्रह मात्र एका ओळीत! तो काही वर्षे चालला. दरवाजे उघडले नाहीत. १९३५ साली याच जिल्ह्यातील येवल्यास आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली. स्थळांच्या यादीत येवले बहुधा पैठणीपुरतेच येते.