नांदी आणि नाममुद्रा

घरातील मुले व्हिडीओ गेम लावतात तेव्हा खेळापूर्वी पडद्यावर नाममुद्रांची जी मिरवणूक निघते, तिचा विचार कलेच्या दृष्टीने क्वचितच होतो. प्रथम प्रकाशक कंपनीची मुद्रा, मागाहून खेळ रचणाऱ्या मंडळीची, मग ज्या तयार यंत्रणेवर तो रचला तिची. आणि कित्येक खेळांत कितीही कळा दाबल्या तरी यांतील एकही टळत नाही. हा विषय आम्हांस क्षुल्लक वाटत नाही. कलाकृतीचा पहिला क्षण कोणाच्या मालकीचा, असा हा प्रश्न आहे.

आमच्या रंगभूमीने त्याचे उत्तर पूर्वीच दिले होते. नांदी झाली की सूत्रधार नाटकाचे व कर्त्याचे नाव सांगे. पण ते नटीशी बोलता बोलता सांगे, त्यामुळे जाहिरातही नाटकाचाच अंश होऊन येई. बोलपटांत ही रीत प्रभातने सांभाळली. गिरगावच्या सेंट्रल सिनेमात १९३६ साली 'संत तुकाराम' लागला आणि वर्षाहून अधिक काळ चालला. त्याच्या आरंभी तुतारी फुंकणारी ती स्त्री येई, तीही टाळता येत नव्हतीच. मग तिचा राग का येत नसे? एक तर ती एकटी येई. दुसरे, ती ज्यांची खूण होती ते मालक स्वतः कारागीर होते. १९२९ साली कोल्हापुरात कंपनी काढणाऱ्या पाच जणांत दामले ध्वनिलेखन जाणणारे, फत्तेलाल कलादिग्दर्शक, धायबर छायालेखक, शांताराम दिग्दर्शक. भांडवलाची बाजू तेवढी कुलकर्ण्यांची. पुढे १९४२ त शांतारामबापूंनी परळला राजकमल काढले, तेव्हा त्या नावात आईवडिलांची नावे गुंफली. अशा मुद्रेला सहीची योग्यता असते.

गेमच्या मुद्रेचा वंश निराळा आहे. निन्टेन्डोच्या १९८९ सालच्या गेम बॉय यंत्रात कार्ट्रिज घालताच कंपनीचे नाव वरून खाली सरकत येई. ती केवळ शोभा नव्हती. कार्ट्रिजमधील नावाची नक्षी यंत्र आपल्याजवळच्या नक्षीशी ताडून पाही आणि फरक आढळल्यास खेळ सुरूच होऊ देत नसे. परवान्यावाचून खेळ काढणारास ते नाव उचलावेच लागे, आणि उचलले की तो व्यापारचिन्हाच्या कायद्यात सापडे. सेगा कंपनीने अशीच युक्ती योजली होती. १९९२ साली अमेरिकेतील अपील न्यायालयाने ती मान्य केली नाही. म्हणजे ही मुद्रा जन्मली ती देवडीवरचा पहारेकरी म्हणून.

तबकडीवरून खेळ वाचण्यास यंत्रास वेळ लागतो, तो या मुद्रांनी झाकला जातो, असे समर्थन करीत. ते एके काळी खरे होते. आता वेगवान साठवणीमुळे खेळ आधीच सज्ज असतो, तरी मुद्रा ठरलेले सेकंद भरल्यावाचून हलत नाहीत. कराराची सक्ती हे दुसरे कारण. युनिटी या यंत्रणेची फुकट आवृत्ती वापरणारास तिची मुद्रा दाखवावीच लागे. पैसे भरणारास ती काढता येई. परिणाम मौजेचा झाला! नवशिक्यांच्या कच्च्या खेळांवर ती मुद्रा ठळक दिसे, उत्तम खेळांवर दिसेनाशी होई. २०२४ साली कंपनीने ही अट काढली.

शिवाय चित्रपट आपण एकदा पाहतो. खेळ रोज उघडतो. किर्लोस्करांची नांदीसुद्धा कोणी दिवसातून चारदा सक्तीने ऐकविली असती तर रसिक उठून गेले असते. ज्या मुलास घरून अर्धाच तास मिळतो, त्याची मिनिटे अशी खर्ची पडतात, आणि त्यांत चित्रे काढणाऱ्याचे किंवा संगीत रचणाऱ्याचे नाव बहुधा नसतेच. ती नावे खेळ संपल्यावर येतात, आणि शेवटापर्यंत पोहोचणारे थोडे.

काही खेळ पहिल्या खेपेस मुद्रा दाखवून पुढे ती कळीने टाळू देतात. एवढे सर्वांनी केले तरी आमची तक्रार निम्मी उरेल. उरलेली निम्मी त्या मागे ढकललेल्या नावांविषयी आहे.